एडिसनहून येतोय: घराचा पत्ता अरोरा, शाळा डिस्ट्रिक्ट 204 ची. घ्यावं का?

प्रेषक: प्र. (एडिसन, न्यू जर्सी), मंगळवार रात्री

नमस्कार मंडळी,

माईकाकू म्हणाल्या की मंडळाच्या ईमेल यादीवर विचार, म्हणून लिहितेय. जूनअखेर आम्ही शिकागोच्या उपनगरात राहायला येतोय. ह्यांचं ऑफिस लूपमध्ये, म्हणजे ऐन शहराच्या मध्यात, आठवड्यातून तीन दिवस. माझं काम घरूनच. मोठी सातवीत आहे, धाकट्याला 22 सप्टेंबरला पाच पूर्ण होतील.

अण्णांनी सांगितलेल्या भागातच एक घर आवडलंय. इओला रोडच्या पूर्वेला, चार बेडरूम, बेसमेंट पूर्ण केलेलं. एजंट म्हणते शाळा 204 ची, हायस्कूल मेटिया व्हॅली. पण पत्ता अरोरा! ह्यांच्या ऑफिसातला जो तो म्हणतोय, "नेपरव्हिलच घ्या, अरोराच्या शाळांच्या नादी लागू नका." तेवढ्याच पैशांत नेपरव्हिलमध्ये टाउनहाउस मिळतंय, पण त्यात सासूबाईंसाठी खालच्या मजल्यावर खोली नाही.

शुक्रवारपर्यंत ऑफर द्यायची आहे. आम्ही फक्त एकदा येऊन पाहिलंय, तेही पावसात. कृपया स्पष्ट सांगा.

प्र.

प्रेषक: अण्णा, मंगळवार रात्री उशिरा

प्र., घे. नि:शंक घे. फक्त आधी एक काम कर, ते खाली सांगतो.

ऑफिसातल्या लोकांना शहर आणि शाळेचं डिस्ट्रिक्ट (सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) ह्यांतला फरक माहीत नसतो. जर्सीत एडिसनची शाळा म्हणजे एडिसनची, असा तुमचा हिशेब. इथे तो चालत नाही. शहराची हद्द वेगळी, शाळेची वेगळी, पोस्टाची तर तिसरीच. एकट्या अरोरात कमीत कमी चार डिस्ट्रिक्ट येतात: ईस्ट अरोरा 131, वेस्ट अरोरा 129, ऑस्विगो 308 आणि आपलं इंडियन प्रेअरी 204. उलट दक्षिण नेपरव्हिलमध्ये अशी घरं आहेत की पत्ता नेपरव्हिल, पण मुलं प्लेनफील्डच्या 202 मध्ये जातात. म्हणजे "नेपरव्हिलच घ्या" हा सल्ला ऐकूनसुद्धा माणूस नको त्या ठिकाणी जाऊ शकतो.

आणि 204 च्या तीन मोठ्या हायस्कुलांपैकी दोन, वॉबोन्सी आणि मेटिया, अरोरातच उभी आहेत. मेटिया तर इओला रोडवरच. फक्त न्यूक्वा नेपरव्हिलमध्ये. मग अरोरा पत्त्याची भीती कसली?

आता काम. एजंटच्या शब्दावर जाऊ नकोस, घर विकणाऱ्या संकेतस्थळांवर तर नाहीच. उद्या सकाळी 204 च्या नोंदणी विभागाला फोन कर, घर नंबर आणि रस्ता सांग, आणि प्राथमिक, माध्यमिक, हायस्कूल अशी तिन्ही नावं विचार. ईमेलवर उत्तर माग. दुसरं, घराचं मागचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल काढून बघ. त्यावर कुठल्या संस्थेला किती पैसे जातात ते ओळीने छापलेलं असतं, शाळेचा आकडा सगळ्यांत मोठा. तिथे 204 असेल तर वादच मिटला.

हद्दी कायमच्या नसतात हेही लक्षात ठेव. 2009 मध्ये मेटिया उघडली तेव्हा हद्दी नव्याने आखल्या गेल्या आणि त्यावरून किती रात्री बैठका चालल्या ते जुन्या लोकांना आठवत असेल. पण तेव्हाही 204 मधलं घर 204 मध्येच राहिलं.

अण्णा

प्रेषक: नाना (शॉम्बर्ग), बुधवार सकाळ

अण्णांचा सल्ला नेहमीप्रमाणे रूट 59 ह्या रस्त्याच्या अलीकडे-पलीकडेच फिरतो. शॉम्बर्गचं नाव कुणीच घेत नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. इथे डिस्ट्रिक्ट 54 आणि हायस्कूलला 211. दोन्ही उत्तम. लोकलची मिलवॉकी वेस्ट लाइन थेट शिकागोच्या युनियन स्टेशनला जाते, आणि आपल्यातली निम्मी कुटुंबं गेल्या दहा वर्षांत ह्याच बाजूला आली आहेत. रविवारच्या मराठी शाळेतही इकडून येणारी मुलं कमी नाहीत.

प्र., एकदा इकडे येऊन पाहा. घर जुनं मिळेल, पण झाडं मोठी मिळतील.

नाना

प्रेषक: बंडू, बुधवार सकाळ

नाना, शॉम्बर्ग चांगलंच आहे, पण तिने दोन घरांबद्दल विचारलंय. आणि शॉम्बर्गचा बहुतेक भाग कुक काउंटीत येतो, टॅक्सचा हिशेब वेगळा. तिथे पहिला हप्ताच गेल्या वर्षीच्या बिलाच्या 55 टक्के येतो, दुसऱ्याचा अंदाज लावत बसायचं.

लोकल गाडीचं सांगतो, कारण रोज जाणारा मी आहे. इओलाच्या घरून जवळचं स्टेशन म्हणजे रूट 59, बीएनएसएफ लाइन, तीही युनियन स्टेशनलाच. एक्सप्रेस मिळाली तर तासाच्या आत, सगळीकडे थांबणारी मिळाली तर बराच जास्त वेळ. प्रश्न गाडीचा नाही, पार्किंगचा आहे. स्टेशनच्या एका बाजूची जागा नेपरव्हिल शहर सांभाळतं, दुसऱ्या बाजूची अरोरा. दोघांचे दर आणि नियम वेगळे, त्यामुळे राहायला आल्याच्या पहिल्या आठवड्यातच दोन्हींची चौकशी करून ठेवा. तीन दिवसच जायचं असेल तर तसं फार अवघड नाही.

एक मात्र करा. घर बघाल तेव्हा रात्री अकरा वाजता कारमध्ये खिडकी खाली करून बसा. त्या भागातून मालगाड्यांचा जुना ईजे अँड ई मार्ग जातो. 2009 मध्ये कॅनेडियन नॅशनल ह्या रेल्वे कंपनीने तो घेतल्यापासून वाहतूक वाढली. कुणाला भोंगा ऐकू येतो, कुणाला नाही. सासूबाईंची झोप हलकी असेल तर आधीच कळलेलं बरं.

बंडू

प्रेषक: माईकाकू, बुधवार दुपार

बाळा, सगळे घराबद्दल बोलतायत आणि धाकट्याची 22 सप्टेंबर कुणाच्या लक्षातच आली नाही.

जर्सीत तुम्हाला 1 ऑक्टोबरची तारीख सांगितली असणार. इलिनॉयमध्ये 1 सप्टेंबरला किंवा त्याआधी पाच पूर्ण हवीत. म्हणजे तिथे ह्या वर्षी किंडरगार्टनला गेला असता, इथे एक वर्ष थांबेल. मुलाची तयारी तपासून लवकर घेण्याची सोय डिस्ट्रिक्टला कायद्याने ठेवावी लागते, पण घ्यायचं की नाही ते त्यांच्या चाचणीवर. उद्या फोन करशीलच, तेव्हा हेही विचार: ही चाचणी कशी घेता, आणि अर्ज कधीपर्यंत. दुसरी वाट खासगी किंडरगार्टनची. ज्या खासगी शाळेत मूल बालवाडीला होतं तिथेच प्रमाणित शिक्षिकेकडे किंडरगार्टन केलं आणि 31 डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होत असतील, तर पुढे सरकारी शाळेत पहिलीला घेतात. पण जर्सीतून येऊन "तीच शाळा" कुठून आणणार? म्हणून ही वाट तुला फारशी उपयोगाची नाही.

माझं मत विचारशील तर थांबू दे. माझ्या नातवाला असंच थांबवलं, आणि पुढे तो वर्गात सगळ्यांत लहान म्हणून कधी रडला नाही. बोलका मुलगा असेल तर घरी मराठी पक्की होईल तेवढ्यात.

मोठीसाठी: बाहेरच्या राज्यातून आलेल्या मुलांना डॉक्टरांची तपासणी आणि लसींची नोंद लागते, डोळ्यांचीही. 15 ऑक्टोबरपर्यंत डॉक्टरांच्या तपासणीचे आणि लसींचे कागद पूर्ण नसतील तर शाळेत येऊ देत नाहीत. एडिसनच्या डॉक्टरांकडून लसींचा पूर्ण इतिहास निघण्याआधी घे, मागून मागवायला फार त्रास होतो.

माईकाकू

प्रेषक: वैनी (नेपरव्हिल), बुधवार संध्याकाळ

माईंशी मी सहमत नाही. आमच्या शेजारच्या मुलीला चाचणी देऊन लवकर घेतलं होतं आणि छान चाललंय तिचं. मूल तयार असेल तर वर्ष का घालवायचं? आणि सासूबाई घरी असल्या तरी दिवसभर पाच वर्षांचं मूल सांभाळणं सोपं नाही, ह्याचा विचार कुणी करत नाही.

घराबद्दल: नेपरव्हिलचा पत्ता नुसता नावापुरता नाही, हेही सांगायला हवं. नेपरव्हिलची वीज शहराची स्वतःची, अरोरात कॉमएड कंपनीची. आमचं पाणी मिशिगन तलावाचं, अरोराचं फॉक्स नदी आणि विहिरींचं. वाचनालय वेगळं, पार्क डिस्ट्रिक्ट (बागा, पोहण्याचे वर्ग चालवणारी संस्था) वेगळं. नेपरव्हिलच्या पार्क डिस्ट्रिक्टच्या पोहण्याच्या वर्गाला अरोराच्या पत्त्यावर जास्त फी पडते. मुलं लहान आहेत तोवर हे रोज जाणवतं. एवढंच माझं म्हणणं, अरोराला नावं ठेवत नाही.

वैनी

प्रेषक: अण्णा, बुधवार रात्री

वैनी, पोहायला फॉक्स व्हॅली पार्क डिस्ट्रिक्टचे तलाव आहेत, आणि तेही चांगले आहेत. त्यासाठी सासूबाईंची खोली सोडायची नाही.

प्र., दोन गोष्टी राहिल्या.

टॅक्स. इथे मागच्या वर्षाचा टॅक्स पुढच्या वर्षी भरतात, आपल्या ड्युपेज काउंटीत जून आणि सप्टेंबर असे दोन हप्ते. म्हणजे घर तुम्ही घेतलंत, तरी विकणारा तिथे राहिला त्या काळाचं बिल तुमच्या नावावर येणार. त्याचे पैसे क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पूर्ण होताना, विकणाऱ्याकडून वजावटीत मिळतात. ती रक्कम वकिलाने नीट मोजली पाहिजे, आणि ती आयती मिळालेली नाही, पुढच्या बिलासाठी बाजूला ठेवायची आहे. होमओनर सवलतीचा अर्ज आपणहून करावा लागतो, तो विसरू नका. वकील जर्सीसारखाच इथेही लावतात. वकिलाला करार तपासायला तुमच्याकडे तीन कामाचे दिवस मिळतात, इथल्या नेहमीच्या करारात पाच. तेवढ्यात घराची तपासणीही उरकायची.

दुसरं बेसमेंट. जुलै 1996 मध्ये अरोरात एका दिवसात जवळपास 17 इंच पाऊस पडला होता. राज्याचा विक्रम आहे तो. आमच्या गल्लीत लोक जिन्याच्या पायऱ्यांवरून आपल्या खोल्यांमध्ये तरंगणारे खोके बघत होते. पाणी आत आलं नाही अशी घरं दोन-तीन, आणि त्यांतल्या एकात बेसमेंटचं पाणी उपसणाऱ्या सम्प पंपाला बॅटरी होती. वीज गेली की साधा पंप गप्प बसतो, आणि वीज नेमकी पावसातच जाते. पूर्ण केलेलं बेसमेंट दिसायला छान, पण भिंतीमागे काय आहे ते दिसत नाही. तपासणीवाल्याला सांगून सम्प पंप, बॅटरी, गालिच्याखालचा कोपरा, सगळं पाहा. रेडॉनची, म्हणजे जमिनीतून येणाऱ्या घातक वायूची, चाचणीही त्यातच.

अण्णा

प्रेषक: नाना (शॉम्बर्ग), गुरुवार सकाळ

पंपाबद्दल अण्णा शंभर टक्के बरोबर. बॅटरी दर काही वर्षांनी बदलावी लागते हेही सांगा. विकणारा "आहे" म्हणतो, चार्ज आहे का ते कुणी बघत नाही.

आणि शाळांसाठी पूर्वेकडून येणारे सगळे नेपरव्हिललाच का जातात, ह्यावर एकदा मंडळात बोलूया. उत्तरेकडच्या कुटुंबांना प्रत्येक कार्यक्रमाला तासभर गाडी चालवावी लागते.

नाना

प्रेषक: सचिव, गुरुवार सकाळ

नाना, कार्यक्रम कुठल्या हॉलमध्ये घ्यायचे ही चर्चा वेगळ्या विषयाखाली घ्या. यंदाच्या गणपतीचा हॉल कार्यकारिणीत ठरला आहे, आणि उत्तरेकडचा कार्यक्रम दिवाळीला आहे. इथे प्र.ला शुक्रवारची घाई आहे.

प्रेषक: प्र. (एडिसन), गुरुवार रात्री

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. अण्णांनी सांगितलेली दोन्ही कामं केली. 204 कडून लेखी उत्तर आलं, तिन्ही शाळांच्या नावांसकट, हायस्कूल मेटिया. टॅक्सच्या बिलावरही 204 आणि फॉक्स व्हॅली पार्क डिस्ट्रिक्ट आहे. वैनी म्हणतात ते खरं, पण सासूबाईंना जिना चढवणार नाही, म्हणून अरोराचंच घर.

ऑफर उद्या सकाळी जातेय. तपासणीत पंप आणि रेडॉन लिहून दिलंय. धाकट्याला चाचणीला बसवायचं की नाही हे दोघांचं अजून ठरलेलं नाही. माई, वैनी, दोघींना शनिवारी फोन करते.

बंडूदादा, रात्री अकराला तिथे जाऊन बसणं आम्हाला इथून जमणार नाही. तुम्ही याच बाजूला राहता ना? एकदा जाल का?

प्र.

प्रेषक: बंडू, गुरुवार रात्री

घर नंबर मला वेगळा पाठव, यादीवर नको. आत्ताच निघतो.