घंटागाडी दारात येते, मग कचरा नाल्यात का?

निवृत्तमास्तर: आज सकाळी नाल्याच्या पुलावर स्कूटर थांबली आणि मागे बसलेल्या बाईने भरलेली पिशवी खाली भिरकावली. गाडी दारात येऊनही ही तऱ्हा! नगरपालिकेला नावं ठेवणं बंद करा. गावच घाणेरडं आहे.

पेठेतली: मास्तर, आता राहवत नाही म्हणून लिहिते. आमच्या गल्लीत गाडी सव्वाअकराला येते. मी साडेनऊला कुलूप लावून कामावर जाते. डबा बाहेर ठेवला की कुत्री उपसतात. परवा सुट्टी होती, म्हणून दोन्ही डबे घेऊन उभी राहिले. हिरव्यातली मेथीची देठं आणि निळ्यातल्या दुधाच्या पिशव्या माझ्या डोळ्यांदेखत एकाच खणात गेल्या. विचारलं तर पोरगा म्हणाला, "ताई, मधली फळीच काढलीय." घनकचरा नियमांत कचरा वेगळा करून देणं आपलं काम आहे, तसं तो वेगळाच उचलणं पालिकेचं आहे. अर्धा नियम फक्त आम्हाला?

निवृत्तमास्तर: म्हणून पुलावरून फेकायचा?

पेठेतली: मी फेकत नाही! रोज संध्याकाळी पिशवी घेऊन आईकडे जाते, तिच्याकडे गाडी सकाळी सातला येते. माहीत नसताना बोलू नका.

वेंगुर्लेकर: आमच्या वेंगुर्ल्यात कचरा डेपो लोक बघायला येतात. ओल्याचा बायोगॅस, प्लास्टिकचा भुगा रस्त्याच्या डांबरात. घरातूनच वेगळा येतो म्हणून हे जमतं.

नवीवसाहत: तुमचं गाव १२ हजारांचं, आमचं लाखावर. कशाला तुलना?

वेंगुर्लेकर: प्रभाग तर तुमचाही लहानच असतो ना? एका प्रभागापासून सुरू करा.

नवीवसाहत: ते राहू द्या. घरपट्टी थकली की महिन्याला २ टक्के शास्ती लागते. पाणी सहा दिवसांआड येतं, त्याची शास्ती कोणाला? त्यात वरच्या आळीतले नळाला मोटार लावतात. आमच्याकडे करंगळीएवढी धार. माझी ७४ वर्षांची आई रात्री दोनला उठून तांब्याने घागर भरते.

वरचीआळी: मोटार लावली नाही तर आमच्याकडे थेंब चढत नाही. आम्ही काय चोर आहोत?

नवीवसाहत: हो, चोरीच आहे! मुख्य लाइनीतून ओढलेलं पाणी माझ्या आईच्या घागरीतलं असतं.

वरचीआळी: मग टाकी उंच बांधायला सांगा. माझ्या पोरांनी तहानलेलं राहायचं का?

निवृत्तमास्तर: विषय कचऱ्याचा आहे.

नवीवसाहत: तुमच्या घरी बोअर आहे मास्तर, म्हणून तुम्हाला कचराच दिसतो.

निवृत्तमास्तर: बोअर आहे, नाकारत नाही. गाडीची वेळ नोकरदारांना सोयीची नाही, हेही कबूल. पण फळी काढल्याचं स्वतः पाहिल्याशिवाय मानणार नाही. आणि पुलावरच्या त्या पिशवीला माझ्याकडे माफी नाही.

पेठेतली: उद्या सव्वाअकराला गल्लीत या. मी अर्धी रजा टाकते.

निवृत्तमास्तर: येतो.

नवीवसाहत: आणि मोटारीचं? परवा पाणी आहे.