उन्हाळ्यात सिकलसेलची पेशी का अडकते?

प्रश्न: नागपूरच्या ४५ अंशांत सिकलसेलच्या (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार) रुग्णाला पाणी भरपूर पाजा म्हणतात. पाण्याचा अन् पेशीच्या कडकपणाचा काय संबंध?

उत्तर: थेट संबंध. निरोगी तांबडी पेशी ८ मायक्रॉनची, पण ५ मायक्रॉनच्या केशवाहिनीतूनही दुमडून निघते. सिकलसेलमध्ये मात्र ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिन-एसचे (या आजारातलं सदोष हिमोग्लोबिन) तंतू बनतात, पेशी ताठरते. शरीरातलं पाणी घटलं की पेशीही सुकते, आतलं हिमोग्लोबिन दाटतं; दाटपणा किंचित वाढला तरी तंतू फार लवकर जुळतात. केशवाहिनीतून निसटायला वेळच उरत नाही.

दुसरं उत्तर: पेशी वाकताना सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइडवर बघा. २ टक्के सोडियम मेटाबायसल्फाइट (रक्तातला ऑक्सिजन काढून घेणारं रसायन) ताजंच बनवा, शिळं निकामी. रक्ताच्या थेंबात मिसळून कव्हरस्लिपच्या कडा व्हॅसलीनने बंद करा. हवा शिरली तर निकाल खोटा निगेटिव्ह.

प्रश्नकर्ता: वाहक की रुग्ण, हे कळेल?

उत्तर: नाही जी. दोघांतही पेशी वाकतात. त्यासाठी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी.