मदत हवी आहे: घरच्या नॅसला (नेटवर्कवर फाइल्स साठवणाऱ्या मशीनला) बाहेरून सुरक्षितपणे कसं जोडायचं?

जुन्या डेस्कटॉपवर ट्रूनॅस (नॅससाठीची ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलंय, दोन हार्ड डिस्क मिरर केल्यात, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी, असुरक्षित पद्धत) बंद, प्रत्येकाचं वेगळं खातं, रोज स्नॅपशॉट (फाइल्सच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद). घरात सगळं छान चालतंय.

आता बाहेरूनही फाइल्स हव्यात. राउटरवर फाइल शेअरिंगचं ४४५ पोर्ट उघडणार नाही हे पक्कं, रॅन्समवेअरला ते आमंत्रणच. वायरगार्ड (स्वतः चालवायचं व्हीपीएन) लावायचं होतं, पण कनेक्शन सीजीनॅटच्या मागे आहे (एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला), त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग चालतच नाही. मग टेलस्केल (वायरगार्डवरच चालणारी, पोर्ट न उघडता जोडणारी सेवा) बरं, की छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा आभासी सर्व्हर) भाड्याने घेऊन त्यावरून वायरगार्ड? टेलस्केल घेतलं तर थेट नॅसवर टाकू की वेगळ्या रास्पबेरी पायवर (छोट्या, स्वस्त कॉम्प्युटरवर)?

शिवाय मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, म्हणून एक प्रत यूएसबी डिस्कवर ठेवणार आहे. आईबाबांचे जुने फोटो आहेत, गेले तर परत मिळणार नाहीत. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवणंच योग्य ना? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.