कौलारू घरातलं म्हातारपण: आधी न्हाणीघर बघा

देवरुखवाली: "आईवडिलांना मुंबईच्या खुराड्यात कोंबू नका, गावच्या कौलारू घराचा गारवा हेच त्यांचं औषध," अशी पोस्ट परवा इथे फोटोसकट आली आणि सगळ्यांनी वाहवा केली. फोटो मे महिन्यातला होता. जुलैत येऊन बघा. चिऱ्याच्या भिंती पाणी पितात, गाद्यांना बुरशी धरते, आईचा दमा दर आषाढात उसळतो. ओल आणि बुरशीने श्वासाचे विकार वाढतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका काढून सांगितलंय. न्हाणीघर परसदारी आणि वाटेत शेवाळलेल्या पायऱ्या. तिथेच ती पडली, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून अंधार पडायच्या आत जाऊन यावं लागतं म्हणून दुपारनंतर पाणीच पीत नाही. कसला गारवा?

चाकरमानी_नालासोपारा: पोस्ट माझीच. आमचे बाबा इथे चौथ्या मजल्यावर होते, लिफ्ट नाही. गुडघ्यांमुळे खाली उतरणं बंद झालं, मग बोलणंही बंद. गावी ओटीवर बसले की रस्त्याने जाणारा प्रत्येकजण हाक मारतो. माणूस एकटेपणानेही मरतो, ताई. आणि ओल काय, इथे नाही?

आंबोलीचो: माकडांचा कोणच काय बोलणा नाय! कौला परतूक माणूस गावणा नाय, परतली तरी माकडा पुन्हा फोडतत. तौक्ते वादळात पडवी गेली ती गेलीच. पावसात आवशीची खाट ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवची लागता.

दापोलीकर: पत्रा घाला, विषय संपला.

देवरुखवाली: पत्र्याखाली एप्रिलच्या दुपारी बसून दाखवा. पावसात तर ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी बोलताच येत नाही.

दापोलीकर: ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमची कौलं उडाली, पाऊस तोंडावर, ताडपत्रीखाली आजीला घेऊन बसलो होतो. पत्रा मिळाला तो घातला. तुम्हाला सल्ले सुचतात.

हेदवीतून: कौल-पत्रा कसलं घेऊन बसलात! सातबारावर आजोबांनंतरची सगळी नावं. संडास घरात घ्यायचा म्हटलं तर मुंबईचा चुलतभाऊ म्हणतो, सामायिक भिंतीला हात लावू नका. हा गणपतीला पाच दिवस येतो, फोटो काढतो, घराला कुलूप लावून जातो. वडील माझे, रात्री पावसात छत्री धरून उठायचं मी. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा मुलांकडून निर्वाहखर्च मिळवून देतो, भाऊबंदांची सही नाही.

चाकरमानी_नालासोपारा: मुंबईकरांवर घसरायचं कारण नाही. डागडुजीच्या नावाखाली पूर्ण घर बळकावलेले गाववाले आमच्याच वाडीत आहेत. सही दिली की हक्क गेला, हे भोगलंय.

हेदवीतून: मग भाऊ, तुमच्या हक्कासाठी माझ्या बापाने पडायचं का?

देवरुखवाली: तेच विचारतेय मी पहिल्यापासून.

चाकरमानी_नालासोपारा: ठीक. न्हाणीघर आत हवं, भिंतीला दांडा हवा, मान्य. आता तरी समाधान? पण बाबांना परत चौथ्या मजल्यावर नेणार नाही.

देवरुखवाली: नेऊ नका. पण ते रात्री उठून कुठे जातात, वाटेत दिवा आहे का, ते सांगा.

चाकरमानी_नालासोपारा: शेजारची काकू असते.

हेदवीतून: काकूचं वय काय?