लाल मिनी कूपर, जुलैची हवा आणि पांढरट पडलेलं क्लिअर

कोकणातला_कूपर

नमस्कार मंडळी. टामियाचं १/२४ (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाचं) मॉरिस मिनी कूपर रॅलीचं प्लॅस्टिक मॉडेल किट हातात आहे. लाल बॉडी, पांढरं छत. डब्यातलाच स्प्रे, एअरब्रश (हवेच्या दाबावर चालणारी रंगाची बारीक पिचकारी) नाही. राखाडी प्रायमर, मग टामियाच्या टीएस-८ लाल लॅकर स्प्रेचे तीन हात, टेप लावून छत पांढरं, वरून टीएस-१३ क्लिअर, म्हणजे पारदर्शक चकचकीत थर. जागा रत्नागिरीतली बाल्कनी, हायग्रोमीटर हवेतली आर्द्रता ८६ टक्के दाखवत होता.

आता बॉनेट आणि दारांवर दुधाची साय धरल्यासारखं दिसतंय. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या सालीसारखा पोत आलाय. पांढऱ्या छतातून गुलाबी झाक मारतेय आणि टेपच्या कडेने रंगही आत शिरलाय. डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) अजून लावलेली नाहीत. वाचेल, की सगळं सोलून पहिल्यापासून?

---

पातळ_थर

बॉडी वाचेल, सोलायची घाई करू नका. (छताचं वेगळं प्रकरण आहे, ते कुणीतरी सांगेलच.)

साय धरते ती अशी: लॅकरमधलं थिनर फार झटकन उडतं आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता ओढून घेतं. पृष्ठभाग गार झाला की त्यावर दव धरतं. ८६ टक्क्यांच्या हवेत त्यासाठी तीन-चार अंश उतरले तरी पुरतात. ते पाणी ओल्या थरात अडकतं, तेच पांढरं दिसतं. म्हणजे डाग पाण्याचा आहे, रंग खराब झालेला नाही. घासू नका, थर पुन्हा मऊ करून पाण्याला बाहेर पडायला वाट द्या.

खोलीत एसी असेल तर ड्राय मोडवर तासभर चालवा आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली आणा. बॉडी आणि डबा दोन्ही त्याच खोलीत अर्धा तास ठेवा. मग डबा कोमट पाण्यात पाच-सात मिनिटं. कोमट म्हणजे हाताला सुखावेल इतपत, ४० अंशांच्या वर अजिबात नाही, गॅसवर तर कधीच नाही. त्याने दाब वाढतो आणि तुषार बारीक होतात. डबा पुसून, हलवून १५ सेंटिमीटरवरून त्याच क्लिअरचा एक हलका ओला हात द्या. बहुतेक वेळा बघता बघता धुकं विरतं. एअरब्रशवाल्यांनी नुसतं मिस्टर कलर लेव्हलिंग थिनर १२ ते १५ पीएसआय दाबावर फवारलं तरी चालतं. त्यात रिटार्डर असतो, थर सावकाश वाळतो आणि पाण्याला निघायला वेळ मिळतो.

एसी नसेल तर पाऊस उघडलेला दिवस बघून दुपारी एक ते तीनमध्ये काम उरका, सकाळी मुळीच नाही. फवारण्याआधी हेअर ड्रायरने बॉडी हाताला जेमतेम कोमट लागेल एवढी तापवा. जास्त तापवलीत तर छताचे बारीक खांब वाकतील. फवारल्यावर सिलिका जेलच्या डब्यात ठेवतात, त्याचा वाळायला उपयोग होतो, पण साय रोखायला नाही. दव पहिल्या मिनिटातच धरलेलं असतं.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. गार खोलीतली बॉडी थेट बाल्कनीत नेली की फ्रिजमधल्या बाटलीसारखा तिला घाम फुटतो. आणि स्प्रे बूथचा पंखा तासभर आधीपासून चालू ठेवला तर तो बाहेरची दमट हवाच आत ओढतो. पंखा आणि खिडकी फवारताना आणि नंतर वास जाईपर्यंतच. पण तेवढ्या वेळात मात्र हवं म्हणजे हवंच. डब्यातला गॅस पेट घेतो, देवघरातला दिवा आधी शांत करा. मास्क ऑर्गॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा, कापडी मास्कने थिनरची वाफ अडत नाही.

---

रंगारी_१२४

सालीच्या पोताबद्दल. डबा २५-३० सेंटिमीटरवर धरला गेला असणार. थेंब वाटेतच अर्धे वाळतात आणि पृष्ठभागावर पसरत नाहीत. क्लिअरमध्ये आहे तोवर घाबरायचं कारण नाही, घासून निघतं.

आधी साय घालवा. नंतर क्लिअरचे दोन ओले हात, मध्ये २० मिनिटं. मग बॉडी विसरून जा. उन्हाळ्यात आठवडा, या दिवसांत दोन आठवडे. नाक जवळ नेऊन थिनरचा वास आला तर अजून ओली आहे. अर्धवट वाळलेलं क्लिअर पॉलिश केलं की चकाकी येते, पण पुढे थर आक्रसतो आणि साल परत डोकं वर काढते.

घासायला २००० चा वॉटर पेपर, मग ३०००, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. दर दहा-बारा घाशांनी पुसून बघा. चमकणारे ठिपके म्हणजे खड्डे, ते संपले की थांबा. पाण्यावर लाल रंग दिसला तर थांबायला उशीर झालाय. नंतर पॉलिशचं कंपाउंड: कोर्स, फाइन, फिनिश, प्रत्येकाला वेगळं सुती कापड.

मिनीचा खास धोका तिच्या बॉडीवरचे बाहेर आलेले जोड. खऱ्या गाडीतही पत्र्याचे जोड कोपऱ्यांवर उघडेच असतात आणि किटमध्ये ते उंचवटे म्हणून येतात. कुठल्याही उंच कडेवर रंग सगळ्यात पातळ बसतो, म्हणून घासताना पहिलं प्लॅस्टिक तिथेच दिसतं. त्या जोडांवर एक मिलिमीटरची टेपपट्टी लावा आणि मगच पेपर हातात घ्या.

---

थिनरभाऊ

एवढा खटाटोप कशाला? गॅरेजच्या रंगवाल्याकडून टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून वापरायचं, क्लिअर आणा. हार्डनरने पक्कं होतं, दोन हातांत काचेसारखं, पेट्रोलनेही उतरत नाही.

---

रंगारी_१२४

दिसतं छान, मान्य. पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसाला कायमचं धरतं. गाड्या रंगवणारे बाहेरून हवा पुरवणारा मास्क लावतात तो याचसाठी. घरातल्या खोलीत नको. शिवाय १/२४ ला तो थर जाड दिसतो, दारांच्या फटी बुजतात. आणि हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर एअरब्रश धुण्यापुरतंच ठेवा, किटच्या पॉलिस्टायरिनला ते खातं.

---

टेपवाली

छताचं निदान: क्रम उलटा झाला. लालवर पांढरं झाकत नाही, आणि काही लाल रंगांतलं रंगद्रव्य वरच्या ओल्या लॅकरमध्ये विरघळून वर येतं. तुम्ही कितीही हात द्या, गुलाबी राहणारच. पांढरं आधी, लाल नंतर. लालखाली राखाडीऐवजी गुलाबी प्रायमर वापरला तर लाल दोन हातांत भरतो आणि मळकट दिसत नाही.

आता दुरुस्ती. छत ८०० च्या पेपरने लाल संपेपर्यंत घासा, मग १५००. त्यावर पांढरा प्रायमर आणि पांढरा. प्रायमरच्या पहिल्या दोन हातांत नुसता धुरळा बसू द्या. ओला मारलात तर उरलासुरला लाल परत वर येईल.

कडेला पावसाळी पन्हाळीची रेघ आहे, टेप तिच्या खाली बसवा. वळणावर आधी दोन मिलिमीटरची टेप, तिच्या मागे रुंद. नखाने नको, दातकोरणीच्या बोथट टोकाने दाबा. टेप बसली की आधी तिच्या खालच्याच रंगाचा, म्हणजे इथे लालचा, एक धुरळा कडेवर मारा. जे काही आत शिरायचं ते लालच शिरतं आणि फट बंद होते. नंतर पांढरा. रंग हाताला चिकटेनासा झाला की, अर्ध्या तासाच्या आत, टेप स्वतःवरच दुमडत काढा. रात्रभर ठेवली तर कड दातेरी निघते.

---

कोकणातला_कूपर

फार उपयोग झाला, आभार. डेकल क्लिअरच्या वर की खाली? आणि दारांच्या फटींना काळं पॅनल लायनर चालेल का?

---

टेपवाली

डेकल गुळगुळीत क्लिअरवर, म्हणजे पॉलिश झाल्यावर. बॉडी आधी साबणाच्या पाण्याने धुवा, कंपाउंडच्या तेलकटपणावर डेकल धरत नाही. वरून परत टीएस-१३ मारायचं असेल तर दोन दिवस वाळू द्या आणि पहिले तीन हात अगदी कोरडे मारा. पहिलाच ओला पडला तर डेकल सुरकुततं आणि शाई पसरते.

लालवर काळी रेघ कार्टूनसारखी दिसते, गडद तपकिरी घ्या. पांढऱ्यावर राखाडी. पॅनल लायनर इनॅमल असतो, लॅकरवर निर्धास्त, जादाचा इनॅमल थिनरच्या काडीने पुसा. उघड्या प्लॅस्टिकवर मात्र तो फटींत मुरतो आणि ताण असलेले भाग तडकतात.

क्रोमची फॉइल सगळ्यात शेवटी. क्रोम पेनवरही क्लिअर नको, आरसा जाऊन नुसतं राखाडी उरतं. काचा आणि हेडलाइटच्या भिंगांना पांढरा पीव्हीए गोंद. सुपरग्लूची वाफ काचेवर धुकं धरते, आणि या गाडीचे दिवे लोक आधी बघतात: मोंटे कार्लो रॅली १९६४, ६५ आणि ६७ ला जिंकलेल्या मिनी १९६६ ला हेडलाइटच्या बल्बवरूनच बाद झाल्या होत्या.