मॉर्गन डॉलरचा गाल इतका नितळ? फोटोतली करामत ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एका ऑनलाइन लिलावात १८८१ सालचा मॉर्गन डॉलर (अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं) बघतोय. मागच्या बाजूला सॅन फ्रान्सिस्को टाकसाळीचा 'एस' आहे. नाणं सुटं आहे, ग्रेडिंग कंपनीच्या स्लॅबमधलं (हालत तपासून प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलेलं) नाही. या सालची 'एस' नाणी भरपूर मिळतात, त्यामुळे नकली असण्याची भीती कमी, हालत लपवली असण्याची जास्त. किंमत सगळी हालतीचीच.

शंका अशी: ही नाणी हजार-हजारांच्या पिशव्यांत भरून जायची आणि एकमेकांवर आपटायची. पुढच्या बाजूवरच्या लिबर्टीचा (स्वातंत्र्यदेवतेचा) गाल मोठा, उघडा आणि उंचवट्यावरचा, म्हणून ओरखडे आधी तिथे दिसतात. मागची गरुडाची बाजू त्या मानाने वाचते. इथे नेमकं उलटं! गरुडाभोवती खुणाच खुणा आणि गाल स्वच्छ. फोटो मोठा केला तर केसांत आणि चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत फोटोचे बारीक दाणे दिसतात, गालावर दिसत नाहीत.

शिवाय कडेला निळं-जांभळं टोनिंग (चांदीवर काळाने चढणारा रंग) आहे, जरा भडकच. पार्श्वभूमी काळी कुळकुळीत, नाण्याची सावली कुठेच नाही.

मी एक्झिफ माहिती (फोटोच्या फाइलमध्ये कॅमेरा लिहून ठेवतो ती) शोधली, रिकामी निघाली. एरर लेव्हल ॲनालिसिस (फोटो पुन्हा जेपेगमध्ये साठवून कुठे किती फरक पडतो ते दाखवणारी चाचणी) करून पाहिलं तर अक्षरं, तारे, केस सगळंच उजळलं आणि गाल काळा राहिला. याला पुरावा म्हणायचं का?

मोबाइल स्वतःहून बरंच काही गुळगुळीत करतो हे ठाऊक आहे, म्हणून उगाच विक्रेत्यावर आळ घ्यायचा नाही. कॅमेऱ्याने केलेली सफाई कोणती आणि माणसाने मुद्दाम केलेली कोणती, हे फोटोवरून कसं ठरवायचं? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

एक्झिफ नाही यावरून काहीच ठरत नाही. बरीच विक्रीस्थळं फोटो चढवतानाच ती माहिती काढून टाकतात. दुसरी चाचणीही इथे निरुपयोगी. जेपेगमध्ये चित्राचे ८×८ पिक्सेलचे चौकोन पाडून फाइल लहान करायला ते दाबले जातात. जिथे बारकावे जास्त तिथे ती चाचणी उजळते आणि सपाट भाग काळा राहतो, अगदी अस्सल फोटोतही. त्यात विक्रीस्थळाने फोटो पुन्हा दाबला असेल तर बघायलाच नको.

दाण्यांचं तुमचं निरीक्षण मात्र पक्कं आहे. कॅमेरा दाणे घालवतो तेव्हा सगळ्या सपाट भागांतून घालवतो. गालाशेजारची मोकळी जागाही सपाटच आहे ना? तिथे दाणे शिल्लक आणि गालावर साफ, तर ब्रश फिरलाय असंच मी धरेन. हनुवटी आणि जबड्याच्या कडेला बघा, दाणे हळूहळू विरतात की एकदम तुटतात. कॉन्ट्रास्ट वाढवून एकच खूण दोन जागी उमटली आहे का तेही शोधा. ओरखडा झाकायला बहुतेक वेळा शेजारचाच तुकडा उचलून चिकटवतात, मग त्यावरचा ठिपकाही सोबत येतो.

प्रतिसाद २

टोनिंगबद्दल. चांदीवर सल्फाइडचा पातळ थर चढतो आणि तो जाड होत जाईल तसे रंग बदलतात: आधी पिवळा, मग तांबूस-जांभळा, मग निळा. म्हणजे निळ्या कडेकडून आत येताना जांभळा, पिवळा आणि मग चांदी असा उतरता क्रम दिसायला हवा. निळ्याला खेटून थेट चांदी असेल तर रंग फोटोत भरलाय किंवा नाण्यालाच रसायन लावलंय. क्रम बरोबर पण रंग भडक, तर फक्त सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) वाढवलं असावं.

पार्श्वभूमी कापणं हा गुन्हा नाही, चांगले विक्रेतेही करतात. (मला ते आवडत नाही. पांढरा कागद किंवा बोट फोटोत असलं की रंग ताडून बघता येतात.)

आणखी एक बघा. डिझायनर जॉर्ज मॉर्गन यांचा छोटा 'एम' मानेच्या कापावर असतो, मागच्या बाजूला फितीच्या गाठीवरही असतो. एआयने फोटो मोठा केला असेल तर असली अक्षरं बऱ्याचदा बिघडतात.

धागाकर्ता

आभार! रंगांचा क्रम बरोबर आहे, 'एम'ही नीट दिसतो. पण दाणे जबड्यापाशी एकदम तुटतात. विक्रेत्याकडे व्हिडिओ मागितला, त्यांनी लगेच पाठवलाही, पण दिवा असा धरलाय की गालावर नुसती चकाकी. पुन्हा मागू का?

प्रतिसाद १

एकदा मागा, पण नेमकं सांगून मागा: दिवा एकच, बाजूला आणि खाली धरलेला, नाणं सावकाश कलवायचं, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी. अस्सल झळाळीचे पट्टे नाणं कलवलं की फिरतात, ते गालावरूनही जायला हवेत, आणि तिरप्या उजेडात ओरखडे चमकून उठतात. सोबत परतीची अट लेखी घ्या. टाळाटाळ झाली तर बोली लावू नका, १८८१चा 'एस' दुसरा मिळेल.