मंदीत सहकारी संस्था खरोखर तरतात का?

धागालेखक
'मंदी आली की खाजगी कंपन्या बुडतात आणि सहकारी संस्था तरतात' असे ठाम विधान एका लेखात वाचले आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवले नाही. नेदरलँड्सची राबोबँक २००८ च्या संकटात सरकारी मदतीविना उभी राहिली, हे सगळे सांगतात. परंतु ब्रिटनच्या को-ऑपरेटिव्ह बँकेने २००९ मध्ये ब्रिटानिया ही गृहकर्ज संस्था पदरात घेतली, तिची कर्जे अंगाशी आली, २०१३ मध्ये भांडवलात सुमारे १५० कोटी पौंडांची तूट निघाली आणि बहुतांश मालकी गुंतवणूक निधींच्या हाती गेली, हे त्या लेखात कुठेच नाही. सहकार म्हणजे कवचकुंडले नव्हेत.

सभासद-कामगार
बँकांच्या मापाने उत्पादक संस्था जोखणे अन्यायाचे आहे. जिथे कामगारच मालक असतो, तिथे मागणी घटली की आधी वेतन कमी होते, नोकरी शेवटी जाते. आमच्या संस्थेच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या तेव्हा सर्वसाधारण सभा रात्री उशिरापर्यंत चालली, पुष्कळ वादावादी झाली. पण कपात वरच्या वेतनश्रेणीपासून सुरू करण्याचा ठराव मंजूर झाला आणि एकालाही घरी बसवले गेले नाही. स्पेनमधील मोंद्रागोन समूहातील फागोर ही घरगुती उपकरणांची संस्था २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली, तरी तिच्या बहुतेक सभासदांची सोय समूहातील इतर संस्थांत बदली किंवा मुदतपूर्व निवृत्ती देऊन लावली गेली. कोणती खाजगी कंपनी एवढे करते?

निवृत्त सभासद
वेतनकपातीचे कौतुक पुरे झाले. ती आम्ही वर्षानुवर्षे सोसली, नफ्याच्या वर्षांतही 'संस्था बळकट करू' म्हणून लाभांशावर पाणी सोडले आणि बाहेर पडताना हाती काय आले, तर भागाची दर्शनी किंमत! आमच्या घामाचा राखीव निधी आज जे कालपरवा आले त्यांना सावरतो आहे. या टिकाऊपणाची किंमत कोणी मोजली, हे लिहायला कोणीच तयार नाही.

लेखापरीक्षक
आपला राग समजतो, पण तर्क मान्य नाही. राखीव निधी वाटता येत नाही, म्हणूनच तो वाईट वर्षात शिल्लक असतो. तो वाटता आला असता तर तेजीच्या पहिल्याच वर्षी सभासदांनी संस्था गुंडाळून पैसे वाटून घेतले असते. इटलीने १९७७ च्या कायद्याने अविभाज्य निधीत टाकलेल्या नफ्याला करसवलत दिली, ती याच विचाराने.

निवृत्त सभासद
ताळेबंद पाहणाऱ्याला हे बोलणे सोपे आहे, आपल्याला त्या रकमेवर म्हातारपण काढायचे नाही. शिवाय दुसरा मार्ग नाही हेही खरे नाही. मोंद्रागोनमध्ये प्रत्येक सभासदाच्या नावे भांडवली खाते असते, नफ्यातील वाटा त्यात जमा होतो आणि संस्था सोडताना मिळतो. आमच्याकडे हे का होऊ शकले नाही, याचे उत्तर द्या, उपदेश नको.

लेखापरीक्षक
मी उपदेश केलेला नाही आणि माझ्या म्हातारपणाची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. वैयक्तिक खाते हा न्याय्य मार्ग आहे, एवढे मला मान्य करावे लागेल. पण फागोर बुडाली तेव्हा सभासदांचे त्याच खात्यांतील भांडवल बुडाले, हेही सांगा. नोकरी वाचली, पुंजी गेली. संस्थेत गुंतलेला पैसा जोखमीतून सुटत नाही, मग तो कोणाच्याही नावावर असो.

धागालेखक
चर्चा राखीव निधीवर गेली, पण मुद्दा तिथेच स्पष्ट झाला. सहकारी संस्था नोकऱ्या अधिक काळ टिकवते, हे मी नाइलाजाने का होईना मान्य करतो. मात्र फागोरचे जे कामगार सभासद नव्हते, त्यांना समूहातील बदलीचा हक्क नव्हता. तेजीत कंत्राटी माणसे घ्यायची, मंदीत त्यांना आधी कमी करायचे आणि मग 'आम्ही कोणाला काढले नाही' असे सांगायचे, हे मला पटत नाही. सभासद-कामगारांनी आपल्या संस्थेत असे किती जण होते, ते सांगावे.

सभासद-कामगार
होते. ठरावात त्यांचा उल्लेख नव्हता आणि त्यांना सभेत मतही नव्हते. याचे समर्थन मी करणार नाही. परंतु त्यावरचा उपाय त्यांना सभासद करून घेण्याचा आहे, सहकार मोडण्याचा नव्हे.